निंबाच्या फांदीवरची खाच

॥ श्री ॥
शिंदखेडा,
९ फेब्रुवारी २०२५

चि. बन्सीलाल यास,
कुंदाअक्काचे आशीर्वाद. आशीर्वाद नेहमीचेच आहेत, फक्त आज दातओठ खात दिलेत, हे आधीच सांगून ठेवते.

फोन सोडून पत्र का, असं मनात येईल. फोनवर तू मीटिंगमध्ये असतोस, आणि मी दोन वाक्यं बोलले की तिकडून कुणीतरी साहेब आल्याचं सांगतं. कागद मध्येच कापता येत नाही. फाडायचा असेल तर वाचून मग फाड.

काल वरणगावहून बेबाबाईचा फोन होता. लहानपणी जिनं तुझ्या डोक्यात ताकाचं मडकं फोडलं होतं ती बेबाबाई, माझी मैत्रीण. तिच्या घरच्यांनी तिला मोबाइलवर आपल्या निंबझिऱ्याच्या विकास आराखड्याचा नकाशा दाखवला. तिनं तो मला पाठवला आणि नुसती रडत बसली. मी रडले नाही. माझं डोकं फिरलं. झोक्याची बर्डी तुम्ही रंगवून टाकली आहे आणि वर लिहिलंय, वाहनतळ व व्यापारी गाळे. नगरपंचायतीत तू नगरसेवक आहेस, नियोजन समितीवरही आहेस, असं तूच दिवाळीत छाती फुगवून सांगितलं होतंस. मग हे तुझ्या डोळ्यांदेखत झालं असणार.

बर्डी काय आहे हे तुला सांगायला लागावं याची मला लाज वाटते. गावाच्या टोकाला, घाट सुरू होतो तिथली ती टेकडी, झिऱ्याच्या वरची, तीन मोठे निंब असलेली. आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, गावच्या सगळ्या लेकी सासरहून येतात आणि जेवणं उरकली की तिथं झोके बांधतात. नाल्याच्या अल्याड वरच्या आळीच्या, पल्याड खालच्या आळीच्या, अशा उभ्या राहून आम्ही बार खेळतो, गाण्यातून एकमेकींचा उद्धार करतो, आणि मध्ये गावातल्या पुरुषांचाही नंबर लागतो. वर्षभर सासरी तोंड मिटून बसलेली बाई त्या एका दुपारी तोंड उघडते. माय होती तेव्हाही हेच होतं आणि तिच्या मायच्या वेळीही हेच होतं.

तिथं आता गाड्या लागणार म्हणे. वरच्या देवीला आणि पावसाळ्यात धबधब्याला येणाऱ्यांच्या. हे कुणी ठरवलं, कुणाला विचारून ठरवलं आणि तू तेव्हा काय बोललास, या तीन गोष्टी मला लिहून कळव.

तुझे दाजी बरे आहेत. गुडघा दुखतो म्हणतात, पण आठवड्याच्या बाजाराला बरोबर जाता येतं. ज्वारीच्या बिबड्या पापडांबरोबर वाळत घातल्या आहेत, तुझ्या वाट्याच्या पाठवायच्या की नाही हे तुझ्या उत्तरावर आहे.

लोभ आहे, पण तूर्त कडीकुलपात.

अक्का


निंबझिरे,
१७ फेब्रुवारी २०२५

ती. सौ. अक्का हिस,
बन्सीचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

तुझं पत्र मिळालं. ज्योत्स्नाने आधी वाचलं आणि काही न बोलता माझ्या ताटाशेजारी ठेवलं, तेव्हाच ओळखलं की आत निखारे आहेत.

अक्का, तू तिकडे बसून बोलतेस. इकडे श्रावणात घाटाच्या तोंडाशी गाड्यांची रांग लागते, अँब्युलन्स निघत नाही, रोज भांडणं. लोक आमची कॉलर धरतात, तुझी नाही. वाहनतळ कुठेतरी करावाच लागणार. बर्डी सरकारी जमीन आहे. तिच्यावर कुणाचं घर नाही, कुणाचं पीक नाही, कुणी उठवलं जाणार नाही. यापेक्षा निर्धोक जागा गावात दाखव.

कुणाला विचारलं म्हणतेस, तर सर्व्हेवाले आले होते तेव्हा पारावर बसलेल्या सगळ्यांना विचारलं. या जागेचा काही वापर होतो का, असंच विचारलं. सगळ्यांनी सांगितलं की काही होत नाही. नगराध्यक्ष चुडामणभाऊ तर म्हणाले, तठे काय शे, नुस्ता दगडं. मीही तेच सांगितलं. आता मी काय सांगायला हवं होतं? परक्या माणसाला पहिल्या भेटीत सांगू का, की इथं आमच्या बहिणी जमून आम्हाला शिव्या घालतात? आपल्यात पुरुष त्या दुपारी तिकडे फिरकत नाही, आणि कानावर काही आलं तरी न आल्यासारखं करतो. ही रीत तुम्हीच आम्हाला शिकवली. रीत पाळली तर आता आम्हीच गुन्हेगार.

आणि तू वर्षातून एक दिवस येतेस. एका दिवसासाठी गावाने गाड्या डोक्यावर घ्यायच्या का? गाळ्यांच्या मागे छोटी बाग ठेवा असं मी समितीत सुचवलं आहे. महिलांसाठी लोखंडी झोके बसवू, साखळीचे, पक्के. फांदी मोडायची भीती नाही. नावही तुम्हीच सुचवा.

हरकत घ्यायची असेल तर महिन्याची मुदत आहे, पण खरं सांगतो, उपयोग होणार नाही. तुमची मतदार यादीतली नावं सासरच्या गावी. इथे तुम्ही पाहुण्या, रागावू नकोस.

आमचा पोरगा मजेत आहे, हॉटेल टाकायचं वेड जितेंद्रच्या डोक्यातून जात नाही. दाजींना नमस्कार.

लोभ कमी केलास तरी चालेल, बिबड्या कमी करू नकोस.

तुझा,
बन्सी


॥ श्री ॥
शिंदखेडा,
२४ फेब्रुवारी २०२५

चि. बन्सीलाल यास,
आशीर्वाद. पाहुणीचे.

बिबड्या पाठवत नाही. त्या मी शेजारणीला दिल्या, तिनं निदान तोंडावर बऱ्या झाल्या म्हणून सांगितलं.

तुझं पत्र दाजींना वाचून दाखवलं. ते म्हणाले, मुद्देसूद लिहिलंय. त्यांनाही मग दोन दिवस मुद्देसूद वाढलं.

बन्सी, मी पाहुणी कशी झाले ते तुला माहीत नसेल तर ऐक. आबा गेले, वर्ष व्हायच्या आत तू तलाठ्याला घेऊन आलास. मी ओट्यावर भाजी निवडत होते. हक्कसोडपत्रावर सही कर म्हणालास, मी हात पदराला पुसून सही केली. केळीचं शेत, नाक्याजवळचा तुकडा, घर, सगळं तुझं. तुला एक प्रश्न विचारला नाही, आणि आजही त्याचं दुःख नाही. सगळ्या बहिणी करतात तसं केलं, भाऊ राहावा म्हणून केलं. पण त्या कागदावर बर्डी नव्हती. बर्डी मी सोडलेली नाही.

घर आता ज्योत्स्नाचं आहे आणि तसंच असावं. मी येते तेव्हा साखरेचा डबा कुठे आहे ते तिला विचारते. मायची खोली जितेंद्रची झाली, झाली तर झाली. निंबझिऱ्यात मला कुणाला न विचारता जाता येतं अशी एकच जागा उरली आहे, आणि तीही एका दिवसापुरती. मधल्या निंबाच्या आडव्या फांदीला दोर घासून घासून खाच पडली आहे, मनगट बसेल एवढी. तुझ्या सर्व्हेवाल्यानं खाली जमीन मोजली. मान वर केली असती तर त्याला कुणाला विचारायची गरज पडली नसती.

आणि रीतीच्या गोष्टी मला सांगू नकोस. न ऐकल्यासारखं करायची रीत आहे ती आम्हाला बोलता यावं म्हणून. आमची जागा विकता यावी म्हणून नाही. पारावर तुम्ही सगळे कान टवकारून बसता हे आम्हाला ठाऊक आहे. गेल्या आखाजीला बेबाबाईनं चुडामणच्या पोटावर ओळ रचली, तर दुसऱ्या दिवशी तो शर्ट बाहेर काढून फिरत होता. ते त्याला वाऱ्यानं सांगितलं काय?

लोखंडी झोक्याचं मी काही लिहीत नाही. लिहायला घेतलं होतं, पण शब्द पोस्टात टाकण्यासारखे निघेनात. ते आखाजीला तोंडीच देईन.

हरकती आम्ही घेणार. बेबाबाई वरणगावहून पाठवते आहे, तिच्या भावकीतल्या दोघी भुसावळहून, आणि दलिचंद शेठची लेक चेलना जळगावहून. ती तर टाइप करून पाठवणार आहे, तिला वकिली भाषा येते. तुमच्या ऑफिसात पोच द्यायला माणूस नसेल तर तू स्वतः उभा राहून शिक्के मार.

दाजींचा गुडघा मुद्देसूद दुखतो आहे.

लोभाचं नंतर बघू.

अक्का


निंबझिरे,
१६ मार्च २०२५

ती. सौ. अक्का यांस,
ज्योत्स्नाचा साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

या घरात येऊन चोवीस वर्षं झाली, पण तुम्हाला पत्र पहिल्यांदाच लिहिते आहे. हे पत्र यांना दाखवलेलं नाही.

तुमच्या सगळ्यांच्या हरकती पोचल्या. त्यांचं काय झालं ते तुम्हाला कुणी सांगणार नाही म्हणून मी सांगते. चुडामणभाऊ आपल्या ओट्यावर बसून चहा पीत होते. म्हणाले, बठ्ठ्या, सगळ्या बाहेरगावच्या बाया, गावातल्या एकीची तरी हरकत आहे का. सुनावणीला त्या बाजूला ठेवायच्या असं त्यांचं ठरलं आहे. यांनी बिस्किटांची ताटली पुढे सरकवली.

अक्का, मला राग आला, पण त्यांचं म्हणणं खोटं नाही हे कळून जास्त आला. गावातली एकही बाई हरकत घेणार नाही. कशी घेईल? आम्ही सगळ्या इथल्या सुना. आखाजीला तुम्ही इथे येता तेव्हा आम्ही आपापल्या माहेरी गेलेल्या असतो. एवढ्या वर्षांत मी तुमचा झोका एकदाही पाहिलेला नाही. बर्डीवर मी जाते ती गोवऱ्या आणायला.

माझं माहेर भडगाव. गिरणेच्या काठाला एक आंबा होता, त्याला आम्ही झोके बांधायचो. सात-आठ वर्षांपूर्वी तिथे प्लॉट पडले, कंपाउंड झालं. मी आखाजीला गेले तर गेटला कुलूप. वहिनीला विचारलं, तुम्ही कुणी काही बोलला नाहीत का. ती म्हणाली, मला तर माहीतच नव्हतं तिथे काही असतं म्हणून. मी चिडले नाही तिच्यावर, तिचं माहेर पारोळ्याकडचं. आता आम्ही बहिणी आखाजीला जातो, कूलरसमोर बसतो, आमरस खातो आणि लवकर परत निघतो. भाऊ विचारतो, इतकी घाई कसली. त्याला काय सांगणार.

आता मुख्य गोष्ट. लिहू की नको असं बरेच दिवस झालं. वाहनतळ आधी बर्डीवर नव्हता. नगररचनेचे साहेब पहिला कच्चा नकाशा घेऊन आपल्याकडे जेवायला आले होते, वाढायला मीच होते. त्यात वाहनतळ घाटाच्या तोंडाशी, सपाटीवर होता. म्हणजे आपल्या नाक्याजवळच्या तुकड्यात. तिथेच रस्त्याला लागून सोय आहे असं साहेबांचं म्हणणं होतं. यांनी त्यांना भरीत वाढायला लावलं आणि म्हणाले, बर्डी रिकामी पडली आहे, तिथे कुणी जात नाही. तिथून तो वर सरकला. नाक्यावर जितेंद्रचं हॉटेल व्हायचं आहे.

मी घर फोडते आहे असं वाटलं तर तसं सांगा. तुम्ही सोडून दिलेल्या शेतावरचं संकट तुमच्याच बर्डीवर गेलं, हे मला गिळता आलं नाही.

बिबड्या यांना मिळाल्या नाहीत याचा घरात फार बोभाटा आहे.

तुमचा लोभ मला कमी ओळखीचा आहे, वाढवावा.

तुमची,
ज्योत्स्ना


॥ श्री ॥
शिंदखेडा,
२१ मार्च २०२५

बन्सीलाल,

आज आशीर्वाद लिहायला हात होत नाही.

नाक्याच्या तुकड्याचं कळलं. कुणी सांगितलं हे विचारत बसू नकोस, गावच्या लेकी खूप आहेत आणि सगळ्यांना तोंड आहे.

तो तुकडा मी तुला दिला. केळी लाव, हॉटेल काढ, विकून खा, मी कधी हिशेब मागितला नसता. त्यातली एक वीत जायची वेळ आली तर तू माझ्याकडे जे राहिलं होतं ते पुढे केलंस. अनोळखी माणसानं केलं असतं तर मी कोर्टात उभं केलं असतं त्याला. तुझ्या बाबतीत काय करायचं ते मला माहेरी कुणी शिकवलं नाही.

मागे एकदा फोनवर तू म्हणाला होतास, झोका खेळायचा तर आपल्या शेतात ये. केळीला झोका बांधतात का रे? तुझ्याकडे आता केळीच तेवढी आहे.

ही आखाजी मी शिंदखेड्यात करीन. आबांच्या आणि मायच्या नावाची पितरांची घागर तू भर. त्यांना काय सांगायचं ते तूच बघ. मला न्यायला येऊ नकोस.

कुंदा


निंबझिरे,
९ एप्रिल २०२५

ती. सौ. अक्का यांस,
ज्योत्स्नाचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

तुमचं पत्र यांनी वाचलं. दोन दिवस शेतातच होते. मला विचारलं नाही, पण त्यांना कळलं असावं. मी त्यांच्याशी खोटं बोलणार नव्हते, त्यांनी विचारलंच नाही.

परवा सुनावणी झाली. सभागृहात साहेब, चुडामणभाऊ, हे आणि बाकीचे समितीवाले समोर बसलेले. लोक बहुतेक रस्तारुंदीवाले, ओटा वाचवा, गाळा वाचवा. तुमच्या हरकतींचा गठ्ठा निघाला तेव्हा चुडामणभाऊंनी ठरल्याप्रमाणे सांगितलं की या बाहेरच्या, स्थानिक कुणी नाही. साहेबांनी विचारलं, या जागेबद्दल स्थानिक कुणाला काही सांगायचंय का. मी मागच्या खुर्चीवर होते. उभी राहिले.

तुम्हाला एक माहीत नसेल. यांनी निवडणुकीला अर्ज भरला तेव्हा नाक्याजवळचा तुकडा माझ्या नावावर केला होता, आपल्या नावावर फार दिसू नये म्हणून. सातबारा माझा आहे. मी तो पुढे ठेवला आणि सांगितलं की मी या गावात राहते, इथली मतदार आहे, या जमिनीची मालकीण आहे, आणि माझी हरकत अशी आहे की तुमच्या पहिल्या नकाशात वाहनतळ माझ्या शेतात होता तो तिथून काढला का. तो परत तिथेच घ्या आणि बर्डीवर जसं आहे तसं राहू द्या.

साहेबांनी मला दोनदा विचारलं, बाई तुम्हाला कळतंय ना तुम्ही काय मागताय. लोक आरक्षण उठवा म्हणून येतात, बसवा म्हणून त्यांच्याकडे कुणी आलं नव्हतं. यांनी मध्येच सांगितलं की हिला यातलं समजत नाही, मी घरी समजावतो, पुढचं घ्या. तेवढं ऐकलं अक्का, आणि मला राग चढला. मी म्हटलं, समजावायचं असेल तर इथे समजावा, सगळ्यांसमोर, की आधी कुठे होता आणि नंतर कुठे गेला आणि का. साहेब म्हणाले, जमीनमालक बोलतायत, त्यांना बोलू द्या. बर्डीवर काय असतं ते विचारलं. मी सांगितलं, मी पाहिलेलं नाही, पण भडगावला होतं ते पाहिलं आहे, आणि ते गेल्यावर काय होतं तेही. साहेब मग आम्हा सगळ्यांना घेऊन बर्डीवर चालत गेले. मी त्यांना तुमच्या पत्रातली ती खाच पडलेली फांदी दाखवली. ते चष्मा काढून बराच वेळ बघत होते. चुडामणभाऊ शर्ट बाहेर काढून उभे होते.

समितीने वाहनतळ पुन्हा नाक्याजवळ घेण्याची शिफारस केली आहे. पुढे वरून मंजुरी यायची बाकी आहे, तिथे काय होईल माहीत नाही. यांनी विरोध नोंदवला नाही. नोंदवला असता तर का, ते लिहावं लागलं असतं.

तेव्हापासून जितेंद्र माझ्याशी बोलत नाही, त्याचं हॉटेल मी घालवलं. हे एवढंच म्हणाले की आबांचं शेत गेलं. मी म्हटलं, आबांच्या लेकीचं होतं, तिच्याच कामाला गेलं. मग ते ताट तसंच ठेवून उठले. मला वाईट वाटलं, खोटं नाही सांगत. केळी घडावर आली आहे त्या तुकड्यात.

या आखाजीला मी भडगावला जाणार नाही. तुम्ही येणार नाही असं लिहिलंय, पण मग मी कुणाला बघू?

लोभ वाढला असेल तर येऊन कळवा.

तुमची,
ज्योत्स्ना


॥ श्री ॥
शिंदखेडा,
१८ एप्रिल २०२५

चि. सौ. ज्योत्स्ना हिस,
कुंदाअक्काचे अनेक आशीर्वाद. तुझ्या नवऱ्याच्या वाट्याचेही तुलाच.

तुझं पत्र बेबाबाईला फोनवर वाचून दाखवलं. ती परत रडली. तिचं सोड, ती केळी महाग झाली तरी रडते. मी या खेपेला रडले, आणि दाजींनी चहा करून दिला, हे इतक्या वर्षांत पहिल्यांदा घडलं. चहात साखर नव्हती.

पोरी, तू शेत दिलंस ते मी कधी फेडणार नाही आणि फेडायचा प्रयत्नही करणार नाही. बहिणींच्यात तसं करत नाहीत. पण माझा राग उतरला असं समजू नकोस. बन्सीवरचा तसाच आहे. हिला समजत नाही असं चारचौघांत म्हणाला, त्याचा आणखी चढला आहे. हा राग मी फोनवर काढणार नाही, पत्रातही नाही. त्याला जागा आहे.

मी येते आहे. बन्सीला सांग, न्यायला यायचं असेल तर येऊ दे, नाही आला तर एसटी आहे. आला तर वाटेत मी एक शब्द बोलणार नाही, त्यानं घाबरायचं तेवढं घाबरावं. घागर आपण दोघी भरू. जितेंद्रला म्हणावं, हॉटेल वाहनतळाशेजारी जास्त चालतं, एवढं गणित कुणी केलं नाही का तुमच्या घरात.

आता माझं मागणं ऐक. वरची आळी आणि खालची आळी यांचा बार आम्ही लहानपणापासून खेळतो, एकमेकींची उणीदुणी पाठ झाली आहेत. या वर्षी तू गावातल्या राहतील तेवढ्या सुना घेऊन नाल्याच्या पल्याड उभी राहा. अल्याड आम्ही लेकी. तुला गाणी येतात, भडगावची विसरली नसशील. मी पहिली ओळ तुझ्या नवऱ्यावर टाकणार आहे, नाक्याच्या तुकड्यापासून लोखंडी झोक्यापर्यंत सगळं त्यात येईल. तू त्याची बाजू घे. बायको म्हणून तुला घ्यावीच लागेल, आणि मला समोर कुणी खणखणीत असल्याशिवाय जोर येत नाही. माझ्यावर काय काय टाकायचं ते आत्तापासून जमवून ठेव. चोवीस वर्षांत जमलं असेलच.

आणि पारावर जाऊन बन्सीला, चुडामणला आणि बाकीच्यांना निरोप दे. त्या दुपारी त्यांनी तिथेच बसायचं आणि नीट ऐकायचं. पुढच्या वेळी कुणी साहेब आला आणि त्यानं विचारलं की बर्डीवर काय होतं, तर सांगता आलं पाहिजे.

बिबड्या दोन डबे आणते. दोन्ही तुझे, एकही त्याचा नाही.

झोक्यावर पहिली तू बसायचीस. दोर मी ओढीन.

तुझी,
अक्का